पाच वावांची रेघ

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मासा दोन ठिकाणी येतो. राज्यसूचीतली २१ वी नोंद एका शब्दाची आहे, मत्स्यव्यवसाय. केंद्रसूचीतली ५७ वी नोंद प्रादेशिक जलधीच्या पलीकडच्या मासेमारीची. ही प्रादेशिक जलधी १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर ठरली आणि त्यापुढे २०० मैलांपर्यंतचा समुद्र अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणून केंद्राकडे राहिला. पहिल्या २२ किलोमीटरांत कोणी, कोणत्या जाळ्याने आणि कोणत्या महिन्यांत मासे धरायचे हे मुंबई, पणजी किंवा तिरुवनंतपुरमला बसलेली सरकारे ठरवतात. हे नियम माशांच्या रक्षणासाठी असतात असे आपण गृहीत धरतो आणि सरकारी प्रस्तावनांतही तसेच लिहिलेले असते. पश्चिम किनाऱ्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. नियम करताना सरकारची नजर माशावर क्वचितच होती. ती होती माणसांवर: यातला उपद्रवी कोण, गाऱ्हाणे कोणाचे खरे, आणि कोणता तंटा हाताबाहेर जाण्याआधी मिटवायचा. नियमांत जो चांगुलपणा आहे तो या नजरेतूनच आला, आणि ते ज्या ठिकाणी हटकून फसले ते ठिकाणही याच नजरेने ठरवून दिले.

या कहाणीची सुरुवात समुद्रावर होत नाही, नदीवर होते. मद्रासच्या लष्करी सेवेतला शल्यवैद्य फ्रान्सिस डे हा हिंदुस्थानातल्या माशांचा मोठा अभ्यासक. त्याने १८७३ साली गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायावर सरकारला अहवाल दिला. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांत माशांची पिल्ले जातात, पाणी आटल्यावर डोहांत अडकलेले मासे सरसकट धरले जातात, तेव्हा आसाला मर्यादा घाला, अशी त्याची मागणी होती. त्याच वर्षी मंगळूरला हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ छापून निघाले. हा गृहस्थ गळाने मासे धरण्याचा शौकीन, आणि महसीर त्याचा लाडका मासा. शास्त्रज्ञ आणि शौकीन दोघांचे बोट एकाच दिशेला होते, नदीकाठी झाडपाल्याचे विष कालवून किंवा बांध घालून मासे धरणाऱ्या गरीब माणसाकडे. १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा या चर्चेतून निघाला. सुरुंगाची दारू आणि विष वापरणे त्याने गुन्हा ठरवले, किनाऱ्यापासून एका सागरी लीगपर्यंतच्या समुद्रालाही ही बंदी लावली, आणि आसाचा आकार, पक्के बांध, ठराविक पाण्यात दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंदी यांचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. सुरुंगाने डोह फोडणे वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण साहेबाचा गळ हा खेळ आणि आदिवासीचे विष हा गुन्हा, अशी वाटणी या कायद्याने केली, आणि तिचे वंशज अजून हयात आहेत. हिमाचल आणि काश्मीरच्या ट्राउटच्या ओढ्यांवर परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात गळ टाकायची पद्धत त्याच घराण्यातली.

समुद्र या सगळ्यातून जवळजवळ सुटला. तिथे कायदा कमी आणि रिवाज जास्त होता, कारण वल्ह्या-शिडाच्या होड्यांची पोच मर्यादित होती आणि जाळ्याला माणसे लागत. सिंधुदुर्गातली रापण, जिला गोव्यात रांपण म्हणतात, हे त्याचे ठळक उदाहरण. होडीने अर्धवर्तुळात लांबलचक जाळे सोडायचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि पन्नास-शंभर माणसांनी मिळून ते ओढायचे. मिळालेल्या बांगड्या-तारल्यांचे वाटे ठरलेले असत. जाळ्यात ज्याचा भाग त्याचा वाटा, ओढायला हात लावणाऱ्याचाही वाटा. उत्तरेला वसई-पालघरकडे समुद्रात खुंट ठोकून डोल जाळी लावत, आणि त्या खुंटांच्या जागांवर, कवींवर, गावागावांचे हक्क असत. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पाण्यात घालायच्या. यात निसर्गरक्षणाचा हेतू शोधणे जरा भाबडेपणाचे होईल. जून-जुलैच्या उधाणात शिडाची होडी बाहेर काढणे म्हणजे जीव घालवणे, इतके साधे ते गणित होते. पण परिणाम असा होई की ज्या महिन्यांत बरेच मासे अंडी घालतात त्याच महिन्यांत जाळी सुकत पडलेली असत. माणसाची लाचारी माशाच्या पथ्यावर पडे.

ही लाचारी संपवली ती सरकारनेच, आणि त्याचा त्याला अभिमान होता. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा-शक्तिकुळंगरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. मूळ हेतू कोळ्यांचे राहणीमान सुधारण्याचा होता: बोटींना यंत्र, मासळीला बर्फ, गावाला पाणी आणि दवाखाना. दहाएक वर्षांत प्रकल्पाची दिशा पालटली, कारण परदेशात कोळंबीला सोन्याचा भाव येऊ लागला. कोळंबी तळाशी राहते, आणि तळ खरवडत जाणारे जाळे म्हणजे ट्रॉल. राज्याराज्यांनी ट्रॉलरसाठी कर्जे आणि अनुदाने दिली. १९७२ साली केंद्राने सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा तंटा तिच्यातून उपजला. यंत्राची बोट खोल समुद्रात जाईल आणि किनारा होडीवाल्यांना राहील, असे नियोजनाच्या कागदावर दिसत होते. पण कोळंबी मिळते उथळ, गाळाच्या पाण्यात. त्यामुळे ट्रॉलरला बारा मैलांपलीकडे जाण्याचे काही कारणच नव्हते. तो रापणीच्या आणि डोलीच्याच पाण्यात फिरला, तिथली जाळी कापत गेला, आणि तळ घुसळून छोट्या मासळीचा ढीग वर काढू लागला. ज्याच्या भल्यासाठी योजना आखली तोच माणूस योजनेच्या वाटेत उभा होता.

सत्तरच्या दशकात हे पाणी पेटले. गोव्यात रांपणकारांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, धरणी धरली. माथानी साल्ढाणा हे शिक्षक त्यांचे पुढारी झाले. हेच साल्ढाणा पुढे गोव्याचे मंत्री झाले आणि २०१२ मध्ये मंत्रिपदावर असतानाच वारले. मद्रासच्या किनाऱ्यावर कट्टुमरमवाले (ओंडक्यांच्या तराफ्यावरचे मासेमार) आणि ट्रॉलरवाले यांच्यात रक्तपात झाला, बोटी जाळल्या गेल्या. केरळातही तसेच. १९७८ साली या विखुरलेल्या लढ्यांतून कट्टुमरम आणि देशी होड्यांवर मासेमारी करणाऱ्यांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, आणि त्याचेच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम झाले. केंद्राने १९७६ मध्येच मजुमदार समिती नेमली होती. तिच्यापुढचा प्रश्न कसा मांडला होता तो पाहा: वेगवेगळ्या प्रकारच्या बोटींसाठी समुद्राचे वेगवेगळे पट्टे कसे आखावेत? समुद्रात मासा किती आहे आणि त्यातला किती काढावा, हा तो प्रश्न नव्हता. भांडणारे दोन पक्ष कसे दूर ठेवावेत, एवढाच तो होता. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अधिकार राज्यांचा असल्याने केंद्राला स्वतः कायदा करता येईना. त्याने विधेयकाचा एक नमुना तयार करून राज्यांकडे पाठवला. केरळ आणि गोवा यांनी १९८० साली, महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. तमिळनाडू १९८३, कर्नाटक १९८६. गुजरातने तर २००३ पर्यंत वाट पाहिली.

नमुना एकच असल्याने या कायद्यांच्या तोंडवळ्यात घराण्याचे साम्य आहे. बंदी किंवा निर्बंध घालताना सरकारने काय लक्षात घ्यावे याची त्यांत यादी असते. पहिला मुद्दा मासेमारीवर जगणाऱ्या निरनिराळ्या घटकांच्या, विशेषतः देशी होडीवाल्यांच्या हिताचा. दुसरा माशांच्या संवर्धनाचा आणि शास्त्रीय नियमनाचा. तिसरा मुद्दा वाचताना जरा थांबायला होते, तो आहे समुद्रात कायदा आणि सुव्यवस्था राखण्याचा. तीनांतले दोन मुद्दे माणसांचे आहेत, आणि मासा त्यांच्या मध्ये बसला आहे. १८९७ शी ताडून पाहिले तर झालेला पालट लहान नाही. तेव्हा गरीब मासेमार आरोपी होता. आता तो संरक्षणाचा हक्कदार झाला. हे लोकशाहीचे फळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. शास्त्राने त्याला पिंजऱ्यातून सोडवले नाही. मतदानाचा हक्क आणि रस्त्यावर उतरण्याची ताकद यांनी सोडवले. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्का मारला. केरळने आपल्या जलधीत पर्ससीनसारख्या, थव्याला वेढणाऱ्या जाळ्यांवर घातलेली बंदी १९९३ च्या निकालात कायम झाली, आणि दुर्बल मासेमारांच्या पोटाचे रक्षण हे धंद्याच्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यास वाजवी कारण आहे, असे न्यायालयाने मानले.

पण भांडण मिटवण्यासाठी आखलेली रेघ भांडणाच्या मापानेच आखली जाते. गोव्याने यंत्राच्या बोटींना ५ किलोमीटरच्या बाहेर ठेवले, तमिळनाडूने ३ सागरी मैलांच्या, गुजरातने सुमारे ९ किलोमीटरच्या. महाराष्ट्राने अंतराऐवजी खोली धरली, ठिकाणानुसार ५ ते १० वाव. हात पसरून मोजायची वाव म्हणजे सहा फूट, आणि शिसाचे वजन दोरीला बांधून पाणी मोजणाऱ्या तांडेलाला हे माप किलोमीटरपेक्षा कितीतरी जवळचे. यावर टीकाकार म्हणतात की पापलेट गोव्यात ५ किलोमीटरवर थांबते आणि गुजरातेत ९ वर, असे थोडेच आहे. या रेघांना जीवशास्त्रात काही आधार नाही. टीका खरी आहे आणि तरी ती मुद्द्याला लागत नाही. शेतातल्या बांधालाही भूगर्भशास्त्राचा आधार नसतो. दोन भाऊ एकमेकांवर कोयता उगारत नाहीत, एवढ्यावर त्याचे काम भागते. तसे किनाऱ्यावरच्या मारामाऱ्या या रेघांनी काही काळ खरोखरच कमी केल्या. त्यांचा दोष वेगळा आहे. त्यांनी समुद्राची जागा वाटली, मासळी वाटली नाही. रेघेच्या बाहेर किती बोटी असाव्यात, त्यांनी मिळून किती टन काढावे, याबद्दल त्या मूग गिळून बसल्या. आणि रेघेपलीकडे दुप्पट बोटी तळ खरवडू लागल्या की रेघेअलीकडचा मासा आपोआप कमी होतो, कारण मासा काही कोणाच्या सातबाऱ्यावर नाही.

केरळच्या पावसाळी बंदीची कथा हे फार उघड करून सांगते. १९८१ पासून तिथल्या पारंपरिक मासेमारांची मागणी होती की जून ते ऑगस्ट ट्रॉलिंग बंद ठेवा, कारण याच काळात मासे अंडी घालतात. सरकारने बंदी घातली, बोटमालकांच्या दबावाखाली मागे घेतली, आणि मग वेळ काढण्याचा जुना राजमार्ग धरला: समित्या. बाबू पॉल समिती झाली, १९८४ मध्ये उपोषणे आणि रास्ता रोको झाले, कळवार समिती झाली, अखेर बालकृष्णन नायर समिती झाली. १९८८ साली बंदी आली तीही नींदकरा सोडून, कारण करिक्काडी कोळंबीचा मोठा हंगाम तिथेच आणि पैसाही तिथेच. पुढच्या वर्षी ती साऱ्या राज्याला लागली. इतिहासात या बंदीची आठवण विजय म्हणून होते आणि ती रास्त आहे. मात्र कळवार समितीने १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली होती: केरळच्या समुद्राला १,१४५ ट्रॉलर पुरेत, तेव्हा उरलेले कमी करा. ही शिफारस कोणी उचलली नाही. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत केरळात साडेतीन हजारांहून अधिक ट्रॉलर होते. पावसाळ्यात काही आठवडे समुद्र बंद ठेवणे सरकारला जमले. उरलेल्या वर्षात त्यात किती यंत्रे उतरावीत हे सांगणे जमले नाही. बंदी उठताच पहिल्या आठवड्यात जाळी भरून येतात आणि वर्षअखेरीस पुन्हा तेच रडगाणे, याचे कारण यापलीकडे शोधायला नको.

महाराष्ट्रात पावसाळी बंदीला एक गमतीचा कायदेशीर पोशाख होता. बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, असा हुकूम असे. सरकारी राजपत्रात पंचांग असे क्वचितच घुसते. कोळीवाड्याच्या रिवाजाला सरकारने कायदा म्हणून मान्यता दिली, असे याचे कौतुक करता येईल, आणि थोडे करावेही. पण हा रिवाज ज्या होडीसाठी होता ती होडी बदलली होती. शिडाच्या होडीला वाऱ्याची भीती होती. सहा सिलिंडरच्या बोटीला ती निम्मीही नाही. २०१५ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीतली बंदी ४७ दिवसांवरून ६१ दिवसांवर नेली, पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, आणि महाराष्ट्रानेही आपली तारीख तिच्याशी जुळवली. दिवस पाहिले तर एकसूत्रीपणा आला. पण नारळी पौर्णिमा जवळजवळ नेहमी ऑगस्टात येते. १ ऑगस्टला समुद्र अजून खवळलेला असतो. मोठ्या यंत्राच्या बोटी बाहेर पडतात आणि लहान होडीवाला नारळ हातात घेऊन किनाऱ्यावर उभा राहतो. म्हणून पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी खुद्द मासेमारच करत आले आहेत. धंदा बंद ठेवा असे धंदेवाल्यांनीच सरकारला विनवावे, हे दृश्य इतर कोणत्या धंद्यात पाहायला मिळेल?

नव्वदच्या दशकात कोकणात पर्ससीन पसरले आणि जुना तंटा नव्या जाळ्यात अडकला. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर ओढून तळ बंद करायचा, अशी ही रीत. थवे अर्थातच बांगड्याचे आणि तारल्यांचे, म्हणजे रापणीच्याच वाट्याचे. मालवणच्या रापणकारांचा आणि रत्नागिरीच्या पर्ससीनमालकांचा झगडा न्यायालयांत, विधिमंडळात आणि कधी भर समुद्रात चालला. या प्रश्नावरच्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ची अधिसूचना आली. पर्ससीनला वर्षातून चारच महिने, सप्टेंबर ते डिसेंबर. काही पट्ट्यांत पूर्ण बंदी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे परवाने टप्प्याटप्प्याने घटवून १८२ वर आणायचे. पस्तीस वर्षांत राज्याने पहिल्यांदाच जागा आणि काळ यांच्या जोडीने बोटींचा आकडा उच्चारला. लागू करणारी यंत्रणा मात्र १९८१ चीच होती. मत्स्य अधिकाऱ्याने बोट पकडायची, खटला तहसीलदारापुढे न्यायचा. तहसीलदार बिचारा सातबारा, दुष्काळ आणि निवडणुका यांतून सवड काढून सुनावणी घेणार. दंड बोटीत सापडलेल्या मासळीच्या किमतीच्या पटीत, आणि पकडली जायच्या आत मासळी समुद्रात ओतून देणे हा तर पोरखेळ. २०२१ च्या दुरुस्तीने निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला ५ ते २० लाखांचा दंड लागला. ही एलईडी मासेमारी केंद्राने आपल्या हद्दीत नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली होती. रात्री मालवण किंवा देवगडच्या किनाऱ्यावरून दूर पाण्यात दिव्यांचे गाव वसल्यासारखे दिसते, अशी तक्रार त्यानंतरही वर्षानुवर्षे होत राहिली.

हे ढिलेपण अधिकाऱ्यांच्या आळसावर किंवा हप्त्यांवर ढकलणे सोपे आहे. मला त्याचे मूळ खात्याच्या रचनेत दिसते. ज्या खात्याने परवाना रोखायचा तेच खाते बोट बांधायला कर्ज मिळवून देते, डिझेलवरच्या कराचा परतावा देते, आणि वर्षाचे उत्पादन वाढले की त्याचीच पाठ थोपटली जाते. राज्याच्या मत्स्योत्पादनाचा आकडा वाढवणे आणि समुद्रावरचा भार कमी करणे ही दोन कामे एकाच टेबलावर ठेवली की कोणती फाइल वर राहणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मालवणला तर आणखी गुंता आहे. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणजे तेवढ्या २९ चौरस किलोमीटरांपुरता वन्यजीव कायदा आणि वनखाते. रापणकाराच्या दृष्टीने त्याच्या डोक्यावर एक खाते जाळे रोखणारे आणि दुसरे शेजारच्याला जाळे पुरवणारे. स्थानिकांनी अभयारण्याला विरोध केला तो प्रवाळ नको म्हणून केला असे समजणे अन्यायाचे होईल.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बोटमालकांकडूनच येतो असे नाही, संशोधकही घेतात. पारंपरिक म्हणवणारा तरी कुठे निष्पाप उरला आहे? डोल जाळ्याच्या खोळीत बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटची पिल्ले येतात. वसईकडचे डोलवाले आणि सातपाटी-डहाणूकडचे जाळेवाले यांच्यात कवींच्या जागांवरून पिढ्यांचे वैर आहे, आणि त्यात दोन्ही बाजू पारंपरिकच. गोव्यात रांपण ओढणाऱ्यांपैकी अनेकांनी होडीला बाहेरचे यंत्र लावले आणि काहींनी छोटे पर्ससीनही घेतले. आक्षेप मान्य केला पाहिजे. ‘पारंपरिक’ हा शब्द कायद्यात जातीच्या दाखल्यासारखा वापरला तर तो लवकरच पोकळ होतो. पण त्यातून आक्षेपक काढतात तो निष्कर्ष, म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजा, तो मात्र टिकत नाही. डोलीला भरती-ओहोटीचा ताल सांभाळावा लागतो आणि रापणीला किनारा सोडता येत नाही. त्यांच्या पकडीला निसर्गानेच छत घातले आहे. ट्रॉलर आणि पर्ससीनला ते छत नाही, म्हणून ते सरकारने घालायचे. संरक्षण माणसाच्या वंशावळीला न देता जाळ्याच्या मर्यादेला द्यावे, म्हणजे यंत्र लावलेला रांपणकारही आपोआप पलीकडच्या रांगेत जातो.

दुसरा आक्षेप दिल्लीतून येतो. मासा राज्याची हद्द जाणत नाही, कर्नाटकातल्या मलप्याचे वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गात येतात, मग नियम केंद्रानेच का करू नयेत? याचे एक उत्तर इतिहासातच आहे. ज्या पाण्यावर केंद्राचा पूर्ण अधिकार होता तिथे त्याने १९९१ मध्ये परदेशी भागीदारीतल्या जहाजांना दार उघडले. किनाऱ्यावरच्या मासेमारांनी देशभर संप केले, मुरारी समिती बसली, आणि ते परवाने गुंडाळायला १९९७ उजाडले. दूर बसलेले सरकार अधिक शास्त्रीय असते असे त्या सहा वर्षांत दिसले नाही. उलट राज्याला जवळून ओरड ऐकू येते. तरीही आक्षेपात तथ्य आहे, कारण बारा मैलांच्या रेघेवर कायदा लंगडतो. तमिळनाडूने २०२२ मध्ये पर्ससीनवर सरसकट बंदी घातली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने जलधीपलीकडे सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात ती मासेमारी करू दिली. बोट त्याच बंदरातून निघते आणि त्याच बंदरात परतते. मधले बावीस किलोमीटर तिने जाळे गुंडाळून पार करायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नियम काढून मोठ्या यंत्रनौकांना प्रवेशपत्राची अट घातली आणि सहकारी संस्थांना प्राधान्य दिले. रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून बोटी किती, हा हिशेब त्यानंतरही दोन वेगळ्या वह्यांतच लिहिला जातो.

अलीकडे महाराष्ट्राने नियमांची नजर खरोखर माशाकडे वळवली आहे, हे नमूद केले नाही तर हा लेख एकांगी होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली गेली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. केरळने हे काही वर्षे आधीच केले होते. या आकड्यांमागे निदान एकदा तरी मादीला अंडी घालू द्यावीत असा स्वच्छ विचार आहे, आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले आहेत. पण ड्रोनला बोट दिसते, तिच्या खणातल्या पापलेटची लांबी दिसत नाही. ती दिसते धक्क्यावर, आणि तिथे दोन प्रकारचा माल उतरतो. एक टनांनी उतरतो, ट्रकमध्ये भरला जातो आणि दळून फिशमील होण्यासाठी कारखान्याकडे जातो. त्यातला मासा कोणी एकेक मोजत नाही. दुसरा टोपलीतून बाजारात येतो, कोळणीच्या पाटीवर चारचारच्या वाट्यांत मांडला जातो, आणि पट्टी लावायला अधिकाऱ्याला सगळ्यांत जवळ पडते ती पाटी.